मावशीचं वीस मिनिटांचं विमान

काल रात्री मावशीचा फोन आला. "अरे, ॲमस्टरडॅमहून लंडन फक्त वीस मिनिटं! मग लंडनहून मुंबईचं विमान पाचचं कशाला, सव्वादोनचं घे की." पाठोपाठ ढकलपत्र आलंच, तिकिटाच्या फोटोसकट. जाताना लंडनहून 10:00 ला निघून 12:20 ला ॲमस्टरडॅम, येताना 13:00 ला निघून 13:20 ला लंडन. कारण काय, तर पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून येताना लंडनच विमानाकडे सरकत येतं! शिवाय वारा ढकलतो, अंतर साडेपाचशे किलोमीटर आणि तरी दोन्हीकडचं भाडं सारखं उकळतात, हेही त्यात होतंच. निवृत्त फिजिक्सच्या सरांनीही त्याला अंगठा दिलाय म्हणे.

तिकीट खरं असेल. पण त्यावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात आणि ॲमस्टरडॅमचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. जातानाच्या दोन तास वीस मिनिटांतून तो तास काढा, येतानाच्या वीस मिनिटांत घाला. दोन्हीकडे एक तास वीस मिनिटं. संपलं.

पृथ्वीचा हिशेब मात्र दिसायला बसतो, तीच पंचाईत. 52 अंश अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1030 किमी वेगाने पूर्वेकडे जाते आणि लंडनचा हिथ्रो विमानतळ ते ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ सरळ अंतर आहे सुमारे 370 किमी. भागाकार करा, एकवीस-बावीस मिनिटं येतात. आता जातानाचं बघू. विमान ताशी आठशे-साडेआठशेने उडणार आणि ॲमस्टरडॅम त्याच्यापुढे हजाराने पळणार? ते विमान जन्मात पोचायचं नाही, मागे पडत पडत अटलांटिकवर जाईल. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते हो!

तरी पटत नसेल तर हे घ्या. मे 1940 पर्यंत ॲमस्टरडॅमचं घड्याळ ग्रीनिचच्या वीसच मिनिटं पुढे होतं. जर्मनांनी देश घेतला आणि बर्लिनची वेळ लादली, ती आजतागायत आहे. जुन्या घड्याळाने हेच तिकीट छापलं असतं तर परतीचा प्रवास तासाभराचा दिसला असता. मधल्या काळात पृथ्वी काय हिटलरने जोरात फिरवली?

वाऱ्याचं थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण तिथले वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे फायदा झालाच तर जाताना, तोही काही मिनिटांचा. आणि हो, त्या एक तास वीस मिनिटांतला बराच वेळ धावपट्टीपर्यंत रांगण्यात जातो. स्किपोलची पोल्डरबान धावपट्टी तर टर्मिनलपासून इतकी दूर आहे की विमान गाडीरस्त्याने निघालंय असं वाटतं.

ढकलपत्रातलं 'अंतर साडेपाचशे किलोमीटर' हे इंग्लिश चॅनेलखालच्या बोगद्यातून रस्त्याने. 'दोन्हीकडचं भाडं सारखं उकळतात' यावर काय बोलणार? भाडं गर्दी आणि तारीख बघून ठरतं.

मावशीला मी वही आणायला लावली. तिने 13:00 मध्ये वीस मिनिटं मिळवली होती आणि लंडन तासभर मागे म्हणून वर एक तास वजाही केला होता. पोचायची वेळ 12:20, निघायच्या चाळीस मिनिटं आधी! तिकिटं वेगळी, म्हणजे 13:20 ला उतरून इमिग्रेशन, बॅग उचलणं आणि पुन्हा चेक-इन. तोवर सव्वादोनच्या विमानाचं काउंटर बंद.

खोडरबराचा आवाज आला. मग म्हणाली, "पाचचंच राहू दे. पण त्या सरांना कळव हो तू."