‘मोठं मूल रुळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

या पोस्टला फोटो नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय तो मुलगा अजून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारच्या, ताब्यात आहे, त्यामुळे त्याचं नाव, चेहरा, शाळा काहीच टाकायला परवानगी नाही. आणि ते बरोबरच आहे. आमची ही त्याला घरात बंड्या म्हणते, तेच इथे चालवू.

लॉस एंजेलिसला येऊन आम्हाला २६ वर्षं झाली. लेक कॉलेजला गेली, तिची खोली रिकामी पडली, आणि हिच्या ऑफिसातल्या एकीने वीकेंड होस्टिंगचं खूळ डोक्यात घातलं. फॉस्टर केअरमधलं, म्हणजे आईवडिलांकडे राहू न शकणाऱ्या मुलांना सरकार तात्पुरतं सांभाळतं त्या व्यवस्थेतलं, जरा मोठं मूल महिन्यातून एक-दोनदा शनिवार-रविवारी आपल्या घरी आणायचं. आपणच दत्तक घ्यायला पाहिजे असं बंधन नाही. बोटांचे ठसे, पोलीस रेकॉर्ड, प्रशिक्षण झालं. सोशल वर्करबाई घर बघून गेल्या, औषधं कुलपात आहेत का तेही बघितलं. मग आपलं काम दोनच गोष्टींचं: मुलाला वेळ द्यायचा आणि आपल्या गोतावळ्यात ते चार लोकांच्या नजरेला पडेल असं बघायचं. माझ्या मते दुसरं काम जास्त मोलाचं.

किडसेव्ह नावाची संस्था १९९९ पासून या वाटेने काम करते आहे. परदेशातल्या अनाथालयांतली मोठी मुलं ते उन्हाळ्यात काही आठवडे अमेरिकेतल्या घरांत आणत. पुढे लॉस एंजेलिसमधल्या मुलांसाठी ‘वीकेंड मिरॅकल्स’ सुरू झालं. मुद्दा साधा आहे. तान्ह्या बाळासाठी रांग असते, तेरा वर्षांच्या मुलाची फाइल कोणी उघडत नाही. आणि उघडली तरी आत काय? किती घरं बदलली, औषधं कुठली, शाळेत मारामाऱ्या किती. आपल्यापैकी कोणाचं लग्न अशा बायोडेटावर जमलं असतं?

मुलं आणि कुटुंबं एकत्र भेटतात असा एक कार्यक्रम असतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सरळ कांदेपोहेच आठवले. आपण ‘बघायला’ आलोय हे मुलांना पक्कं ठाऊक. एक मुलगी प्रत्येकाला स्वतःचे छंद पाठ केल्यासारखे सांगत होती. बंड्या कोपऱ्यात बसून पिझ्झ्यावरचे ऑलिव्ह वेचून बाजूला काढत होता, कोणाशी बोलायचं नाही असं ठरवूनच. मला तेच आवडलं.

घरी आला तेव्हा पहिल्या दोन खेपांत फ्रिज उघडायलाही विचारायचा. तिसऱ्या खेपेला हिने श्रीखंड केलं, त्याला भलतंच आवडलं. रविवारी तो गेल्यावर बघतो तर उरलेल्या डब्यावर काळ्या मार्करने त्याचं नाव आणि तारीख. हिला आधी राग आला, घरातल्या डब्यावर कसलं नाव! मग तिनेच सोशल वर्करला विचारलं. ग्रुप होममध्ये, म्हणजे अशी बरीच मुलं एकत्र राहतात तिथे, तसंच करतात, नाहीतर आपली वस्तू दुसरा खाऊन टाकतो. म्हणजे तो आमच्या फ्रिजमध्ये जागा धरून गेला होता. पुढचे दोन आठवडे त्या डब्याला कोणी हात लावला नाही. श्रीखंड आंबून गेलं, ते सोडा.

नाशिकची वहिनी फोनवर म्हणाली, “भाऊजी, दर रविवारी परत सोडायचं म्हणजे त्या लेकराच्या जिवाशी खेळच की.” आक्षेप खरा आहे. रविवारी संध्याकाळी गाडीत तो एक शब्द बोलायचा नाही, मीही रेडिओ लावून गप्प. म्हणूनच पहिल्या दिवशी स्वच्छ सांगायला लागतं: आम्ही साठीला टेकलोय, तुझे आईबाबा होणार नाही, पण शोधायला मदत करू. खोटी आशा लावणं वाईटच. पण अमेरिकेत दरवर्षी १५ हजारांहून जास्त मुलं कुटुंब न मिळताच या व्यवस्थेतून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियात २१ व्या वर्षापर्यंत सरकारची मदत मिळू शकते. पुढे रात्री गाडी बंद पडली तर फोन कोणाला करायचा?

वहिनीचं दुसरं वाक्य मात्र मला पटलं नाही: “मोठं मूल रुळत नाही हो. लहान असलं की आपल्या वळणाचं होतं.” पुतण्या आणि सूनबाई ‘कारा’कडे, म्हणजे भारतातलं दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, बाळासाठी नाव नोंदवून बसलेत, त्या संदर्भात. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी ती ११० पर्यंत चालते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार फॉस्टर केअरमध्ये घेतलेलं मूल दोन वर्षांनी दत्तक घेता येतं, आधी पाच वर्षं थांबावं लागायचं. एकट्या व्यक्तीलाही आता फॉस्टर पालक होता येतं. कायद्याने दार उघडून ठेवलंय, आत जायला माणसं नाहीत. मात्र ओळखीच्या बालगृहातून ‘दिवाळीला एक मूल पाठवा’ असला प्रकार कृपया करू नका. बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल घरी आणणं मुलासाठीही धोक्याचं.

बंड्याचं सांगायचं राहिलं. आमच्या गणपतीला येणारं एक जोडपं, दोघं चाळिशीतले, मूल नाही. आरतीला झांजा याच्या हातात दिल्या होत्या, आणि तो त्या इतक्या बेताल वाजवत होता की तिला हसू आवरेना. तिथून बोलणं सुरू झालं. त्यांनी रीतसर मंजुरी घेतली, ऑगस्टपासून तो त्यांच्याकडे राहतो. इथे बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती असल्याशिवाय दत्तक होत नाही. त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, विचार करून सांगतो.

तीन आठवडे झाले. दोघं रोज मला फोन करून विचारतात, तुम्हाला काही बोलला का?