संगीत विभागाचा किराणा

आमच्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत संगीत विभागाच्या पानावर एक फोटो आहे. भिंतीला टेकून ओळीनं उभे चार तानपुरे, खाली गालिचा, गालिच्यावर तबल्याची जोडी आणि शेजारी समई. फोटोखाली लिहिलंय, 'सुसज्ज वाद्यकक्ष, ध्वनिरोधक सराव-खोल्या, समृद्ध श्राव्य ग्रंथालय'. तो फोटो बघून मी एम. ए.ला प्रवेश घेतला. फोटोतल्या वस्तूंपैकी समई चालू स्थितीत आहे.

तानपुरे चार आहेत हे खरं. एकाच्या भोपळ्याला तडा गेलाय. दुसऱ्याची खुंटी घसरते; पंचम लावून बंदिश धरावी, तर अंतऱ्यापर्यंत त्याचा तीव्र मध्यम झालेला असतो. चौथा वरच्या साहेबांच्या दालनात मनीप्लांटशेजारी शोभेला आहे, त्याला रोज ओल्या फडक्यानं पुसतात. राहिला तिसरा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तो १९५७ साली आल्याची नोंद आहे, लाकूड उत्तम, दांडी सरळ. फक्त त्याची जवारी गेलीय.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा दिसायला सपाट असतो, पण असतो किंचित उतरता. तार त्याला चाटत चाटत जाते, म्हणून तो भुंग्यासारखा गुंजारव येतो. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून तो आणखी खुलवतात. वर्षानुवर्षं तार घासून माथ्यावर चर पडला, की नाद मिटतो. मग उरतं ते नुसतं 'टंग'. कपडे वाळत घालायच्या तारेवर कावळा येऊन बसला की होतं तसं.

तानपुरे नाहीत म्हणून विभागानं एक इलेक्ट्रॉनिक पेटी घेतली होती. तिचं बटण काळी पाचवर अडकलंय. काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी, हा मुलींचा सूर. आम्ही मुलं काळी एक, पांढरी दोनवाले. काळी पाचला आमच्यातला एक जण तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, गेला होता, तेव्हा शेजारच्या भूगोल विभागातून दोघं प्रथमोपचाराची पेटी घेऊन आले होते.

हार्मोनियमचं म्हणाल, तर आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि १९७१ साली ती उठवायला सुरुवात केली. आमच्या विभागातल्या पेटीला बंदी उठल्याचं कुणी कळवलेलं दिसत नाही.

ध्वनिरोधक खोली मात्र खरोखर आहे. खिडक्या बुजवून भिंतींना फोम मारला, दाराला रबर लावलं, आणि या सगळ्यात पंखा बसवायचा राहिला. एप्रिलमध्ये आत पंधरा मिनिटं बसलं की मारवा राग आपोआप लागतो. मारव्यात षड्जावर टेकायला मिळत नाही, इथे श्वासावरही मिळत नाही. आता त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. शांततेची गरज त्यांनाच जास्त, असं दिसतं.

मग रियाज कुठे? हॉस्टेलवर पहाटे खर्ज लावला की वरच्या मजल्यावरचा स्पर्धा परीक्षावाला बादली आपटतो. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मी तीन महिने काढले. टाकीचा घुमारा चांगला आहे, पण ती भरत आली की तिचा सूर चढतो आणि आपल्याला कळायच्या आत आपणही अर्धा सूर वर गेलेले असतो.

पहिल्याच वर्षी विभागातल्या मॅडमनी तानपुऱ्यांच्या दुरुस्तीचा अर्ज मला लिहायला सांगितला. माझं अक्षर चांगलं, एवढाच गुन्हा. मी मन लावून लिहिलं : 'विभागात प्रामुख्याने किराणा घराण्याची तालीम दिली जाते. त्याकरिता तानपुऱ्याची घोडी बदलणे, भोपळ्याची डागडुजी करणे, जवारी काढणे, खर्जाची तार आणणे तसेच पखवाजासाठी कणीक, यांस मंजुरी मिळावी.'

सात आठवड्यांनी अर्ज त्रुटी काढून परत आला. समासात लाल शाईनं एकेका बाबीवर शेरा होता.

घोडी : 'पशुधन खरेदी या विभागास अनुज्ञेय नाही.'

भोपळा : 'भाजीपाला वसतिगृह खानावळीच्या लेखाशीर्षातून घ्यावा.'

खर्जाची तार टंकलिखित प्रतीत 'खर्चाची तार' झाली होती. तिथे लिहिलं होतं, 'तारसेवा २०१३ सालीच बंद झाली आहे. खर्च ई-मेलने कळवावा.'

जवारी : 'धान्याचा प्रतिकिलो दर नमूद नाही.'

आणि कणीक : 'मंजूर. रु. ४० फक्त.'

या कणकेचं कोडं मला वर्षभर सुटलं नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली उतरतो, हे लेखा विभागात कुणाला ठाऊक असणार? पण चाळीस रुपये आले. त्याचं पीठ आणलं. पखवाज दिसायला चांगला झाला, वाजवणारा नव्हता.

वाजवणारा मागवायला गेलो ती वेगळीच कथा. आमचे तबल्याचे सर तासिका तत्त्वावर, आठवड्याला चार तास. विद्यार्थी एकोणीस. म्हणून दुसरा अर्ज केला, 'सरावाच्या वेळी तीनतालाचा ठेका देण्यासाठी आणखी एक व्यक्ती नेमावी.' उत्तर आलं, 'ठेका परस्पर देता येणार नाही. ई-निविदा मागवाव्यात. तीन तालांचे काम एकाच ठेकेदारास का, याचा खुलासा करावा.' सरांना दाखवलं तर ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला बयाणा रक्कम भरावी लागेल का रे?"

श्राव्य ग्रंथालयात जुन्या तबकड्या आहेत, मिनिटाला अष्ट्याहत्तर फेऱ्यांच्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात आलाप, स्थायी, अंतरा, ताना सगळं बसवून त्या पिढीतले गवई मोकळे व्हायचे. आम्हाला ती तीन मिनिटं ऐकायलाही मिळाली नाहीत, कारण यंत्राची सुई तुटली होती. सुईचा अर्ज केला. शेरा : 'गृहविज्ञान विभागाकडे शिवणकामाच्या सुया शिल्लक आहेत, तेथून घ्याव्यात.' यावर मॅडम फक्त हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "संगीतशास्त्र लिहिणारे भातखंडे वकील होते. आता कळतंय, का ते."

मॅडमचं एक आहे, त्या रडत नाहीत. त्यांचं म्हणणं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी ग्वाल्हेरपर्यंत गेले, तुम्हाला लेखा विभागापर्यंत जायचंय. मी एकदा म्हटलं, "मॅडम, बुवांना ग्वाल्हेरला तीन प्रतींत अर्ज करावा लागला नसेल." तर म्हणाल्या, "गुरुगृही पाणी भरावं लागलं असतं, ते बरं की हे?" मी पाणीच म्हणालो. तसंही टाकीशेजारीच होतो.

दुसऱ्या वर्षी परीक्षा दोन महिन्यांवर आली. मैफिलीसारखं सादरीकरण, बाहेरचे परीक्षक, आणि तानपुरा 'टंग'. शेवटी मॅडमनी स्वतःच्या पर्समधून पैसे काढले. "तू सांगलीकडचा ना? जा घेऊन मिरजेला. बिल नंतर लावू."

तानपुरा एसटीत चढवणं म्हणजे आजारी आजोबांना चढवण्यासारखंच. भोपळा आधी, मग मान वाकवून दांडी. खिडकीशेजारी बसवला, वर गोधडी गुंडाळली. कंडक्टर आले.

"ह्यांचं तिकीट?"

"हा तानपुरा आहे हो."

"सीटवर बसलाय न्हवं? वय काय?"

माझ्या तोंडून गेलं, "सत्तावन्न सालचा."

कंडक्टरनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी पासष्टच्या वर. हाफ. पंच्याहत्तर पुरी असती तर फुकाट नेला असता बगा." तिकीट फाडून माझ्या हातात देताना गोधडीकडे बघून म्हणाले, "आधार कार्ड हाय का?" आणि स्वतःच खो खो हसत पुढे गेले. पुढचे शंभर किलोमीटर अख्खी गाडी आजोबांना पाणी विचारत होती.

मिरजेबद्दल मी काय सांगावं. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, त्यांच्या नावानं दरवर्षी रात्र रात्र गाणं होतं. आणि तिथल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तानपुरे घडतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारदरबारी कुणाला तरी हा भोपळा भाजीचा नाही हे माहीत आहे.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. छताला सुकलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर भुसा. चाचांनी गोधडी सोडली, तार छेडली, 'टंग' झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की आजोबांना मीच उपाशी ठेवलं होतं. मग तारा सैल करून घोडीचा माथा कानशीनं घासायला घेतला. दोन हात मारायचे, बोटाचं पेर फिरवायचं, फुंकर मारायची, तार चढवायची, ऐकायचं. पुन्हा सैल. चार तारांना साडेतीन तास लागले. मध्ये वीज गेली तर ते थांबले नाहीत, म्हणाले, "हे काम कानाचं आहे, उजेडाचं नाही."

शेवटी दातानं तोडलेला सुताचा दोरा तारेखाली घालून तो नखानं मागे सरकवत गेले. आवाज बंद, बंद, बंद. मग केसभर आणखी सरकवला आणि एकदम कुणीतरी दार उघडल्यासारखा तानपुरा बोलायला लागला. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार निघाला, स्पष्ट. त्या खोलीत मी कुठेही गंधार वाजवलेला नव्हता. अंगावर काटा आला, तो लपवायला मी बिल मागितलं.

वहीचं पान फाडून चाचांनी लिहिलं : 'जवारी – १ – रु. १५००'.

परीक्षा छान झाली, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. बिल मात्र पाच आठवड्यांनी परत आलं. शेरा : 'एक किलो ज्वारीस रु. १५०० हा दर बाजारभावाशी विसंगत आहे. खरेदी केलेली ज्वारी प्रत्यक्ष पडताळणीसाठी सादर करावी.'

आता मलाही चेव आला. तानपुरा खांद्यावर घेतला आणि दोन जिने उतरून थेट लेखा विभागात गेलो. लाल शाईवाले भाऊसाहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. मला वाटलं होतं तसे नव्हते. साधे, बारीक, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग.

"ज्वारी आणलीय, भाऊसाहेब."

"पोतं कुठंय?"

मी खुर्चीवर बसलो, भोपळा मांडीशी घेतला आणि तारा छेडल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. दोन आवर्तनं झाली, चार झाली. पलीकडे शिक्के मारणाऱ्या बाईंचा हात थांबला. कुणीतरी उठून खडखडणारा पंखा बंद केला. दारात आवक-जावकवाले मामा उभे राहिले, चहाचा ट्रे तसाच हातात.

"ही?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ही."

"आणि घोडी?"

मी बोट दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकून घोडी बघितली आणि तिच्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

"तुम्हीच वर लिहिलेलं ना, किराणा म्हणून. मी आपलं किराणा मालात धरलं." मग जरा थांबून म्हणाले, "माझे वडील वारीत पखवाज वाजवायचे. आमच्या दिंडीत. भजन उरकलं की डग्ग्यावरची कणीक काढून गाईला घालायचे. ती वास येणारी कणीक... म्हणून तुझी कणीक मी लगेच सोडली होती. बाकीचं काही कळलं नाही बघ."

मी छेडत राहिलो. काय बोलावं ते सुचेना. त्यांनी बिल पुढ्यात ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि परत अडखळले.

"अरे, पण पावतीवर जीएसटी नंबर नाही. वाद्यदुरुस्ती म्हटलं की तो लागणार, फाईल वर अडकेल." त्यांनी टेबलावर पेन दोनदा आपटलं. "सुट्या धान्याला मात्र जीएसटी नसतो."

शिक्क्याच्या बाई गालात हसल्या. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"मग? काय लिहू?"

"सुटी ज्वारी," मी म्हणालो. "एक नग."