पोटगीवरच सगळा भार का?

पंधरा-वीस वर्षं घर आणि मुलं सांभाळलेल्या बाईला घटस्फोटानंतर किती पैसे द्यायचे, हा वाद महाराष्ट्रात निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘शिकलेली आहे ना, मग नोकरी करावी’ आणि ‘त्याने जन्मभर का भरायचं?’ कॅनडातल्या ऑन्टारियोतून पाहताना वाटतं, मधली एक पायरीच गाळून हे भांडण चाललंय.

ती पायरी मालमत्तेची. इथे पोटगीचा आकडा काढायच्या आधी दोघांची लग्नाच्या दिवशीची आणि वेगळे झाल्याच्या दिवशीची मालमत्ता, कर्जं वजा करून, मांडतात. ज्याची वाढ जास्त, तो फरकाच्या निम्मी रक्कम दुसऱ्याला देतो. घर कोणाच्या नावावर आहे, याने हिशेब बदलत नाही. पेन्शन धरतात, पुण्यात घेऊन ठेवलेला फ्लॅटही धरतात. हे आपल्या लोकांना बहुतेक वेळा वकिलाच्या टेबलावर कळतं. लग्नानंतर मिळालेला वारसा वगळतात, पण तेच पैसे राहत्या घरात घातले की ती सूट गेली.

पोटगी त्यानंतर. १९९२ साली मोगे खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसारामुळे झालेलं कमाईचं नुकसान दोघांनी वाटून घ्यायचं. २००८च्या मार्गदर्शक सूत्रांनी त्याला आकडे दिले. सांभाळायची मुलं नसतील तर करपूर्व उत्पन्नातल्या फरकाच्या दीड ते दोन टक्के, गुणिले सहवासाची वर्षं. समजा नवऱ्याचं वार्षिक उत्पन्न १,२०,००० डॉलर, बायकोचं २०,०००, संसार १८ वर्षांचा: वर्षाला २७,००० ते ३६,०००. मुदत ९ ते १८ वर्षं. पण वेगळं होताना तिचं वय ४७ असेल तर संसाराची १८ वर्षं आणि वयाची ४७ मिळून सूत्रातली ६५ची मर्यादा गाठली जाते आणि मुदतीची अट उठते. याचा अर्थ जन्मभर, असा नव्हे. परिस्थिती बदलली की फेरविचार होतो. सूत्र बंधनकारक नाही, तरी तडजोडीची बोलणी त्याच पट्ट्यात फिरतात. घोळ होतो तो धंदेवाल्यांच्या उत्पन्नात आणि करात: लेखी करार किंवा आदेशानुसार दरमहा दिलेल्या रकमेवर देणाऱ्याला वजावट मिळते, घेणारीला कर लागतो, एकरकमीला दोन्ही नाही.

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५मध्ये सूत्रच नाही. २०१७च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पगाराच्या २५ टक्के योग्य म्हटलं आणि तोच आकडा लोकांच्या तोंडी बसला. त्यात संसाराची वर्षं कुठेच नाहीत. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोघांनाही मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली. चांगलं झालं. पण रोखीतला धंदा प्रतिज्ञापत्रात दिसत नाही, आणि खटला चालू असतानाच्या पोटगीचा अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा हे कायद्यातलं वाक्य कोणी मनावर घेत नाही.

मूळ अडचण मात्र वेगळी आहे. नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा वाटा नाही, त्यामुळे वीस वर्षांच्या कष्टांचा सगळा मोबदला पोटगीतूनच काढायचा. आणि शब्दच बघा, पोटापुरता. साहजिकच तिचा वकील आकडा फुगवतो, त्याचा वकील पगार लपवतो. यावर उपाय शोधायला कॅनडा गाठायची गरज नाही. सावंतवाडीच्या पुढे सीमा ओलांडली की पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कायदा आहे: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोवेकर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी.

महाराष्ट्रात तसा कायदा होईपर्यंत खरेदीखतावर दोघांची नावं घालणं एवढंच हातात उरतं. आणि सरकारने २०२१मध्ये मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिली, ती घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर. नवरा-बायकोने मिळून घेतलं, तर पूर्ण शुल्क भरा.