परतायचे तर हातपाय चालते आहेत तोवर

2025 च्या दिवाळीला आम्ही दोघे तीन आठवडे सांगलीत होतो. लंडनच्या हॅरो भागात राहून आम्हाला 36 वर्षे झाली, मुलगा ब्रिस्टलला त्याच्या संसारात आहे, आणि येत्या फेब्रुवारीत मला 66 वर्षे पूर्ण होऊन ब्रिटनचे सरकारी पेन्शन सुरू होईल. त्यामुळे "आता परत येणार का?" हा प्रश्न यंदा फराळाच्या प्रत्येक ताटाबरोबर आमच्यापुढे आला आणि त्याची उत्तरेही विचारणाऱ्यांनीच दिली. सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीतल्या आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "ये गं, इथं आता काय मिळत नाही? डॉक्टर, भाजी, औषधं, कामाला बाई, सगळं एका फोनवर दारात." चुलतभावाच्या मुलाने मात्र तोंडावर सांगितले, "आत्या, उमेदीची वर्षं तिकडं घातलीस, कर तिकडं भरलास, आता सेवा करून घ्यायला सांगली आठवली का? तुमच्यासारखे येतात आणि फ्लॅटचे भाव चढतात, कामाच्या बायकांचे दर बिघडतात."

त्याचे बोलणे मला लागले. तरीही विमानात बसल्यावर मी काकूंच्या आग्रहापेक्षा त्याच्या आक्षेपाचाच अधिक विचार करत राहिले, कारण परतण्याच्या चर्चेत जो मुद्दा आम्ही परदेशस्थ मंडळी सहसा टाळतो, त्यावरच त्याने बोट ठेवले होते. आम्ही पैशांचे बोलतो, थंडीचे बोलतो, सणवार, गाणे, नाटक, आपल्या भाषेतल्या गप्पा यांचे बोलतो. या सगळ्या बोलण्यात डोळ्यांसमोर असते ते सकाळी कृष्णेकाठी फिरायला जाणारे पासष्टीचे धडधाकट जोडपे. निर्णय ते जोडपे घेते आणि त्याचा खरा भार येतो तो आणखी पंधरा वर्षांनी, दोघांपैकी एक मागे राहिल्यावर, पाय अडखळू लागल्यावर. त्या वेळी उठवून बसवायला कोण असेल आणि ते माणूस कशाच्या बळावर येईल, हा माझ्या मते या विषयातला मुख्य प्रश्न आहे.

आधी पैशांचे सांगते, कारण ब्रिटनमधून भारतात परतणाऱ्यांच्या बाबतीत पैशांचा नियमच माणसाला चुकीच्या दिशेला ओढतो. इथले सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढी वाढ मिळते. पण ही वाढ निवृत्त माणूस कोणत्या देशात राहतो यावर अवलंबून असते. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये जाऊन राहणाऱ्या पेन्शनरला ती मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे राहणाऱ्याला मिळत नाही, त्याचे पेन्शन ज्या आकड्यावर सुरू झाले किंवा तो ज्या आकड्यावर देश सोडून गेला तिथेच गोठते. नवे पेन्शन एप्रिल 2016 मध्ये लागू झाले तेव्हा पूर्ण पेन्शनचा दर आठवड्याला 155.65 पौंड होता. 2025-26 मध्ये तो 230.25 पौंड झाला. म्हणजे 2016 मध्ये निवृत्त होऊन लगेच सांगलीला गेलेल्या माणसाला आजही आठवड्याला 155.65 पौंडच मिळतात. माझ्यासारखाच पेन्शनच्या वर्गणीचा 35 वर्षांचा पूर्ण भरणा करून हॅरोतच राहिलेल्या त्याच्या मित्रापेक्षा त्याला 2025-26 च्या दराने वर्षाला जवळपास 3,900 पौंड कमी पडतात, आणि ही दरी दर एप्रिलला रुंदावत जाते. पौंडाच्या तुलनेत रुपया घसरतो त्यामुळे थोडे भरून निघते. औषधांच्या आणि शुश्रूषेच्या वाढत्या खर्चापुढे ते किती टिकेल, याचा भरवसा नाही. पेन्शनरांनी या नियमाविरुद्ध दाद मागितली होती, पण 2010 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा निकालही त्यांच्या विरोधात गेला. 2025 च्या जुलैत भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला आणि त्यासोबत तात्पुरत्या नोकरीसाठी येणाऱ्यांना दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये असेही ठरले. ते चांगलेच आहे, परंतु गोठलेल्या पेन्शनला त्याने हात लागलेला नाही.

या हिशेबाचा सरळ अर्थ असा की जितके उशिरा परताल तितके पेन्शन मोठे. 76 व्या वर्षी परतणारा माणूस 66 व्या वर्षी परतणाऱ्यापेक्षा महिन्याला बरेच अधिक घेऊन येतो. आमच्या ओळखीतली अनेक मंडळी याच कारणासाठी "अजून पाचसात वर्षे काढू" म्हणत थांबली आहेत. आरोग्यसेवेचा विचारही त्यांना थांबवतो. मी स्वतः एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून तीस वर्षे काम केले. तरी कायमची भारतात गेल्यावर त्या सेवेवर माझा हक्क राहणार नाही, कारण तो हक्क भरलेल्या करातून किंवा पासपोर्टातून येत नाही, या देशात वास्तव्य असण्यातून येतो. मला तो नियम अन्यायाचा वाटत नाही. जे इथे राहतात त्यांच्यासाठी ती सेवा आहे.

भारतातल्या आरोग्यविम्याचा हिशेब मात्र उलट्या बाजूने लागतो. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये नवा विमा घेण्यासाठीची 65 वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. 2025 च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला. मधुमेह असलेला माणूस 66 व्या वर्षी आला तर 69 व्या वर्षापर्यंत त्याचा प्रतीक्षाकाळ संपलेला असतो. 76 व्या वर्षी येणाऱ्याची ती तीन वर्षे नेमकी दुखण्याच्या काळात पडतात, आणि हप्ताही वयाप्रमाणे चढलेला असतो.

पण पेन्शन आणि विमा ही कागदावर मांडता येण्यासारखी गणिते आहेत. शुश्रूषा तशी मांडता येत नाही. आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवरच्या एका केअर होममध्ये मी दर गुरुवारी एका वृद्ध मराठी गृहस्थांना भेटायला जाते. त्यांची चाळीस वर्षे बोललेली इंग्रजी स्मृतिभ्रंशात पुसली गेली आहे आणि आता ते फक्त मराठीत बोलतात. त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीवर त्यांच्या मुलीने एक कागद लावला आहे, त्यावर रोमन लिपीत वीसबावीस शब्द आहेत : पाणी, बस, दुखतंय का, झोप आता, भूक. झिम्बाब्वेची एक परिचारिका तो कागद वाचून त्यांना "दुख्ताय का?" असे विचारते आणि ते मान हलवून उत्तर देतात. तिने स्वतःच्या वडिलांना तीन वर्षांत पाहिलेले नाही, हे तिनेच मला सांगितले. इंग्लंडमध्ये ज्याच्याकडे 23,250 पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता आहे त्याला अशा ठिकाणचा खर्च स्वतः करावा लागतो, आणि पतीपत्नींपैकी कोणी घरात राहत नसेल तर राहते घरही त्या हिशेबात धरले जाते. 2010 पासून ही मर्यादा बदललेली नाही. त्यात भर म्हणजे ज्या परदेशी बायका ही कामे करतात त्यांची नवी भरती सरकारने 22 जुलै 2025 पासून बंद केली. म्हणजे इथे राहूनही उद्या मला उठवून बसवायला कोण असेल, हे सांगता येत नाही. थांबणाऱ्या मंडळींनी हेही लक्षात घ्यावे असे मला वाटते.

सांगलीत काय होते ते मी आईच्या वेळी पाहिले. शेवटची दीड वर्षे तिच्याजवळ शुश्रूषेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे आलेल्या एक मावशी होत्या, जत तालुक्यातल्या एका दुष्काळी गावच्या. चोवीस तासांचे काम होते. आई रात्री उठून चालू लागे आणि पडे, म्हणून मावशी पलंगाखाली चटई टाकून झोपत आणि जुन्या सुती साडीची एक चिंधी आईच्या मनगटाला सैल बांधून तिचे दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला बांधत, म्हणजे आई हलली की त्यांना जाग येई. त्यांची स्वतःची सासू गावी अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्याकडे मावशींची चौदा वर्षांची मुलगी पाहत होती. आम्ही देत होतो त्या पैशांतला काही भाग ब्युरोकडे जाई, हे मला फार उशिरा कळले. साप्ताहिक सुट्टी ठरलेली नव्हती, आजारपणाचा पगार नव्हता, आणि मी हॅरोत बसून "इथल्या मानाने किती कमी खर्चात आईची सोय झाली" असे मैत्रिणींना सांगत होते. ते वाक्य मी बोलले होते याची मला आजही लाज वाटते.

2019 च्या ऑगस्टमधला पूर आला तेव्हा आई आणि मावशी गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर होत्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेले. मी इथून फोनवर दर तासाला पातळीचा आकडा पाहत होते आणि त्या पाहण्याचा काडीचाही उपयोग नव्हता. गल्लीतल्या चार मुलांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची चौघांनी खांद्यापर्यंत उचलून, काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर नेले. नंतर मी त्या मुलांचे आभार मानायला गेले तेव्हा एकाने सांगितले, की दहावीला आईने त्याला गणित फुकट शिकवले होते. दुसऱ्याच्या आजीला आई दर पंधरवड्याला पत्र वाचून दाखवत असे. आईने त्या गल्लीत पन्नास वर्षे काढली होती. खुर्ची उचलली गेली ती त्या पन्नास वर्षांच्या जोरावर. माझ्यासाठी ती का उचलली जावी, याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही.

म्हणून भाच्याचे म्हणणे मी अर्धे मान्य करते. 76 व्या वर्षी, मोठे झालेले पेन्शन घेऊन, गुडघे धरल्यावर सांगलीत उतरले तर मी तिथे फक्त घेणारी असेन. गल्लीतल्या कोणाला माझे नावही ठाऊक नसेल आणि मला लागणारे प्रत्येक काम मला विकत घ्यावे लागेल. 66 व्या वर्षी गेले तर हातात धावपळीची दहा वर्षे आहेत, कोणाच्या औषधांच्या गोळ्या लावून देता येतील, कोणाला दवाखान्यात नेता येईल, आणि गोठलेले पेन्शन ही त्या दहा वर्षांची किंमत समजून मोजायला मी तयार आहे. त्याच्या दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी अजिबात सहमत नाही. बायकांचे दर आमच्यामुळे वाढत असतील तर ते वाढायलाच हवेत. मनगटाला चिंधी बांधून रात्रभर जागणाऱ्या बाईचा दर आजवर दुसऱ्या कोणी ठरवला, तिने ठरवला नाही, हेच बिघडलेले आहे. परतणाऱ्यांनी आपल्या खर्चाच्या अंदाजात दोन पाळ्यांसाठी दोन बायका, आठवड्याची सुट्टी आणि त्यांचा विमा हे सगळे धरावे, आणि तेवढे धरूनही परवडत असेल तरच यावे.

आमच्या घरी यावर अजून एकमत नाही. यजमानांचा कल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे या व्यवस्थेकडे आहे, आणि नातवंडांची ओढ मलाही आहे. परंतु अर्धे वर्ष कुलूप असलेल्या घराला शेजार लाभत नाही, असे माझे मत आहे. नागरिकत्वाचा भाग तर कायमचाच अर्धा राहील : भारतीय पासपोर्ट आम्ही केव्हाच सोडला, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर राहता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतीचे दुःख नाही. महापालिकेत पुराच्या नियोजनावर कोण बोलणार हे ठरवताना माझे बोट कोरे राहील, याचे आहे.

काकू आता 78 वर्षांच्या आहेत, एक मुलगा पुण्याला आणि मुलगी कॅनडात. जतच्या त्याच मावशी गेल्या वर्षापासून त्यांच्याकडे दिवसपाळीला येतात. हॅरोला परतल्यावर मी मावशींना फोन केला आणि या वेळी, आईच्या काळात कधी विचारले नव्हते ते विचारले, की तुम्हाला काय हवे आहे. त्यांनी थोडा वेळ घेऊन सांगितले, "रविवार सुट्टी पाहिजे, आणि यल्लमाच्या यात्रेला चार दिवस. पण आजींना एकटं सोडून जाता येत नाही." मी काकूंच्या मुलाशी बोलले, पैसे न कापता सुट्टी द्यायला तो तयार आहे, त्या दिवसांत काकूंजवळ कोणी थांबले तर. यंदाच्या यात्रेला काकूंची नात पुण्याहून येऊन थांबणार आहे. माझे मार्चचे तिकीट काढून झाले आहे, आणि त्यानंतरचे रविवार मी माझ्याकडे घेतले आहेत.