'एक सुज्ञ वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

लायपेज म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम. यीस्टला रोग करायला ते कसं मदत करतं यावरच्या, 'यीस्टचं इन्फेक्शन आणि लायपेज' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "एन्झाइम पचनाला मदत करतं, ते रोग कसा करेल? कँडिडालायसिनचा उल्लेखच नाही. प्रयोग सगळे उंदरांवरचे. आमच्या आज्या रोज डोक्यावर तेल थापायच्या, त्यांना कुठे कोंडा होता? इकडून तिकडून उचलून विज्ञान लिहू नका."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण झोंबलं तेच. माझी सगळी नोकरी सोलापुरात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये झाली. मॅलसेझिया, म्हणजे कातडीवर राहणारं यीस्ट, साध्या प्लेटवर उगवत नाही, वरून ऑलिव्ह ऑइलचा थर द्यावा लागतो, हे मी कोऱ्या राहिलेल्या प्लेटा बघून शिकलोय. एप्रिल-मे आला की यंत्रमागावरची पोरं पाठीवर याच यीस्टची शिबं घेऊन यायची. ती खरवड केओएचच्या (कातडी विरघळवणाऱ्या अल्कलीच्या) थेंबात घालून मायक्रोस्कोपखाली किती पाहिली याची मोजदाद नाही. टोपणनावाआडून 'उचललं' म्हणायला काय जातं ओ?

आता तुमचा मुद्दा. मदत करतं, कबूल. पण कुणाच्या पचनाला? लायपेज यीस्टचं, जेवणार यीस्ट, आणि पान म्हणून मांडलेली कातडी तुमची.

बरं, यीस्ट बाजूला ठेवा, आपलं स्वतःचं लायपेज घ्या. स्वादुपिंडातून निघून ते आतड्यात पोचतं, तोवर सगळं ठीक. अॅक्यूट पँक्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक सूज येते तेव्हा, तेच आजूबाजूला सांडतं आणि स्वादुपिंडाभोवतीची चरबी पचवायला लागतं. माझ्या थोरल्या भावाला हे झालं होतं. त्याच्या रिपोर्टवरचा लायपेजचा आकडा बघून घरात कुणीही "वा, पचन सुधारलं" असं म्हणालं नाही.

मॅलसेझियाचा प्रश्न तर पोटाचाच आहे. मॅलसेझिया ग्लोबोसाचा जीनोम 2007 साली प्रसिद्ध झाला, त्यात फॅटी अॅसिड (स्निग्धाम्लं) बनवणाऱ्या सिंथेज या एन्झाइमचं जीनच सापडलं नाही. म्हणजे स्निग्धाम्लं त्याला बाहेरूनच हवीत. मग ते लायपेज सोडतं, टाळूवरच्या तेलातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे चरबीचे रेणू, फोडतं, संपृक्त आम्लं वापरतं आणि ओलेइकसारखी असंपृक्त तिथेच टाकून देतं. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती आहे त्यांच्या टाळूवर नुसतं ओलेइक आम्ल लावलं तरी पापुद्रे सुटतात, यीस्टची गरजही लागत नाही. ज्यांना ती नाही, त्यांना काही होत नाही.

आणि कँडिडा पॅराप्सिलोसिस हे दुसरं यीस्ट? कॅथेटरच्या नळीवर चिकटणारं, शिरेतून स्निग्ध पोषण दिल्या जाणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना गाठणारं. 2007 मध्येच त्याची लायपेजची दोन जीन्स काढून टाकून पाहिली गेली. त्याची बायोफिल्म (पृष्ठभागावर चिकटून बसणारा यीस्टचा थर) पातळ झाली, स्निग्ध माध्यमात वाढ खुंटली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी ऊतींची नासाडी कमी झाली. एक जीन परत बसवलं, लायपेज परत आलं. मदतनीस काढल्यावर रोग सौम्य होतो, तर त्या मदतनिसाला तुम्ही काय म्हणाल? त्याच्या भाऊबंदाकडे, कँडिडा अल्बिकन्सकडे, तर लायपेजची अशी 10 जीन्स आहेत. त्यातलं फक्त आठवं काढलं तरी उंदरांमधला आजार हलका पडला.

हो, उंदरांमधला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात ते आणखी ठळक असायला हरकत नव्हती. पण मानवी ऊतींचा प्रयोगही त्याच लेखात होता. तिथवर वाचलंत की आधीच प्रतिक्रिया टाकलीत, तुम्हालाच ठाऊक.

कँडिडालायसिन 2016 पासून माहीत आहे, पेशींना भोकं पाडणारं, अल्बिकन्सचं खरंखुरं विष आहे, आणि ते पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा आहे. पण लेख चरबी पचवणाऱ्या एन्झाइमांवर होता. पेप्टाइडवर लिहीन तेव्हा या.

राहिल्या आज्या. त्यांच्या टाळूची स्लाइड कुणी काढली होती? कायम डोक्यावर पदर असायचा त्यांच्या. कोंडा कुणाला दिसणार होता?