"लॉकडाऊनमध्ये मुलांची ऑपरेशनं बंद होती, कुणाचं काय बिघडलं?" बरंच बिघडलं

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा लहान मुलांची सगळी ऑपरेशनं बंद होती तरी पोरं ठणठणीत राहिली, काहींचं तर आपोआप बरं झालं, म्हणजे एरवी हे सगळं बिलासाठीच. मी तेव्हा मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते म्हणून लिहितेय, नाहीतर सोडून दिलं असतं.

एक तर सगळी बंद नव्हती हो. जी थांबू शकतात ती पुढे ढकला, एवढंच सरकारनं मार्चमध्ये सांगितलं होतं. अन्ननलिका जुळलेलीच नाही किंवा शीची जागाच तयार नाही असं बाळ जन्मलं तर ते काय लॉकडाऊन उठायची वाट बघणार? ती ऑपरेशनं झाली, स्वॅबचा रिपोर्ट येण्याआधी बाळाला पॉझिटिव्ह धरूनच. घशात नळी घालताना कोरोना पसरायचा धोका जास्त म्हणून तेवढा वेळ भूलवाले डॉक्टर आणि हाताखाली एकजण, बाकी सगळे बाहेर. पीपीई किटमध्ये गॉगलवर वाफ, हातात दोन-दोन ग्लोव्हज आणि दोन किलोच्या बाळाची शीर शोधायची, ती बोटाला लागतच नाही!

"कुणाचं बिघडलं नाही" हे तर साफ खोटं. पोट दुखतंय म्हणून घरीच ओवा-हिंग, हॉस्पिटलात गेलो तर कोरोना होईल ही भीती, त्यात लोकल बंद, पोरगं येईपर्यंत अपेंडिक्स फुटून पोटात पू. अंडकोषाला पीळ पडला तर साधारण 6 तासांत सोडवावा लागतो, तिथे दोन-दोन दिवसांनी यायचे. आणि पित्तनलिका बंद असलेलं बाळ, ज्याचं ऑपरेशन शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हायला हवं, त्याला कावीळ आहे म्हणून कोवळ्या उन्हात धरून बसायचे. शी पांढरट होणं ही या आजाराची खूण, पण ती तशी होतेय हे फोनवर कुणी विचारलं तरच कळायचं.

आता आपोआप बरं होण्याचं. बेंबीचा हर्निया, हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साठणं) बऱ्याचदा जातात आपोआप, आणि त्यासाठी डॉक्टर एरवीही थांबतातच, त्यात कोरोनाचं काय? जांघेतला हर्निया मात्र जात नाही. ज्यांची तारीख पुढे गेली त्यांना आम्ही फोनवर सांगायचो, रडताना फुगवटा आला आणि निजल्यावर गेला तर ठीक, कडक झाला किंवा उलट्या लागल्या तर रात्री 2 ला पण निघा, पोलिसांना कागद दाखवा.

जन्मतः तोंडातली टाळू फाटलेल्यांचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास करतात, बोलणं सुरू होतं तेव्हा. ते थांबू शकतं असं धरलं गेलं. एक पोरगा दोन वर्षांचा होऊन आला, बापाकडे बोट करून 'पापा' म्हणायला जायचा, हवा नाकातून निसटायची आणि ऐकू यायचं 'मामा'.