अ‍ॅक्सेंट माझा, पण कान कुणाचे?

"परदेशात तुमचं बोलणं कळत नाही कारण तुमचा अ‍ॅक्सेंट, तो घालवा, प्रॉब्लेम खल्लास." हे फॉरवर्ड या आठवड्यात तिसऱ्यांदा आलं, म्हणून लिहितोय.

म्हणे, कळलं नाही म्हणजे बोलणाराच चुकला. बरं. १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी कॉलेजच्या पोरांना लेक्चरची टेप ऐकवली, आवाज अस्सल अमेरिकन बाईचा, फक्त समोरचा फोटो काहींना गोऱ्या बाईचा दाखवला आणि काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना लेक्चर कमी कळलं! तोच आवाज, तेच शब्द. आता त्या बाईने कुठला अ‍ॅक्सेंट घालवायचा होता सांगा.

म्हणे, अ‍ॅक्सेंट जेवढा जास्त तेवढं कमी कळतं. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली कॅनडात चिनी लोकांचं इंग्लिश ऐकवून जे ऐकू आलं ते लिहून घेतलं, तर 'फार अ‍ॅक्सेंट आहे' असा शेरा मारलेली कितीतरी वाक्यं त्याच ऐकणाऱ्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती.

म्हणे, ऐकणारा बिचारा काय करणार. विचारू तर शकतो ना! स्टेफनी लिंडमन यांच्या २००२ च्या अभ्यासात कोरियन माणसाने सांगितलेला रस्ता अमेरिकन जोडीदाराने नकाशावर काढायचा होता. कोरियन लोकांबद्दल आधीच नाक मुरडणाऱ्यांतले काही जण अडले तरी विचारतच नव्हते, आणि काहींचं काम नीट होऊनही वर 'काही जमलं नाही' हेच.

आता सगळंच आकसाचं खातं नाही हेही खरं. मॅकगोवन यांच्या २०१५ च्या प्रयोगात चिनी अ‍ॅक्सेंटसोबत चिनी चेहरा दिसल्यावर लोकांना उलट जास्त कळलं, म्हणजे कान काय अपेक्षा धरून बसलाय यावरही बरंच आहे. आणि आपलं व्ही-डब्ल्यू एकच होतं, माझं 'व्हेंडर' ऐकून आमचा क्लायंट थबकतो, ते मान्य, ते माझं. पण माझ्या 'गुड मॉर्निंग'लाही 'सॉरी?' करतो त्याचं काय करू?

क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं की नवा अ‍ॅक्सेंट कानात बसायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. आमचा क्लायंट चौथ्या सेकंदाला 'कॅन यू टाइप इट?' म्हणतो.